स्मार्ट टेलिस्कोप घ्यावा का? परभणीकडून रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे ५० मिमी भिंगाचे, मोबाईलवर चालणारे टेलिस्कोप सगळे थोड्याफार फरकाने सारखेच. जाहिरातीत होतं "दीर्घिकांची टक्कर घरबसल्या बघा" (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट वस्ती). आता परभणी शहरात गच्चीवरून तर विसराच, एलईडी लायटींनी आभाळ पांढरं करून टाकलंय, आम्ही जिंतूरकडं शेतातल्या आखाड्यावर नेऊन लावतो, तिथं रात्री थ्री फेज आली की शेजारच्या मोटरीवरचा बल्ब लागतो तेवढाच काय तो ताप.

मी घेतला तो सिंह राशीतल्या तीन दीर्घिकांच्या त्रिकुटासाठी, एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८. साधारण साडेतीन कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि तिन्ही एका फ्रेममधी बसतात. मशीन दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक चढवत जातं, थोड्या वेळात ३६२८ च्या मधोमध धुळीचा काळा पट्टा स्पष्ट येतो, टोकं फुगून वाकलेली दिसतात. हे एम ६६ कधीकाळी जवळून गेली त्याचं काम असावं असं मानतात. जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, म्हणून दीर्घिका ताणली जाते आणि कडेचा माल (तारे, वायू) बाहेर फेकला जातो. त्यातून ३६२८ ला जवळपास तीन लाख प्रकाशवर्षांची शेपूट आलीय, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तिप्पट! ही शेपूट हवी असेल तर फ्रेम पूर्वेला सरकवा, तासन्‌तास फोटो जमवा, मग कंप्युटरवर कॉन्ट्रास्ट ताणा, तेव्हा कुठं पुसट डाग दिसतो, तोही बाजूच्याला बोट लावून दाखवावा लागतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडून सिंह रास जवळजवळ डोक्यावरून जाते, आणि हा स्टँड डोक्यावर आला की गडबडतो, फ्रेम झपाट्याने फिरते अन् ॲप फोटो रिजेक्ट करत सुटतं. त्यामुळं मार्चमधी संध्याकाळीच, रास पूर्वेला असतानाच सुरू करायचं.

आता जाहिरातीतली खरी थाप. टकरीतला बराचसा माल म्हणजे थंड हायड्रोजन, तो डोळ्याला दिसणारा उजेड देतच नाही, २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी देतो. सप्तर्षीकडच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिकांचा फोटो काढा, छान येतो (उत्तरेला खाली असतात, झाडं आडवी येतात), पण दोघी अलग-अलग दिसतात, मधी नुसतं काळं. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीनं त्याच जागेचा नकाशा काढला तर या दोघी आणि शेजारची एनजीसी ३०७७ वायूच्या पुलांनी जोडलेल्या निघाल्या. ही कमी या मशीनची नाही, लाखाचं भिंग आणलं तरी तेच. तो वायू टिपायला रेडिओ दुर्बीणच लागते, नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशची आहे तसली.

बाकी ट्रायपॉड हलका आहे, वारं सुटलं की ताऱ्यांच्या रेघा येतात, खाली विटा ठेवा. मार्च-एप्रिलच्या फुफाट्यात भिंगाला कपडा लावू नका, ब्लोअरनंच धूळ उडवा. कस्टमर केअरचा फोन काय लागला नाही.

झेडपीच्या शाळेला घेत असाल तर बिनधास्त घ्या, पोरं फोनभोवती गर्दी करतात. फक्त पोरांना वायूचे ढग दाखवतो असं आधीच कबूल करू नका.