लेकराच्या दातासाठी: रक्ताची गुठळी की पीआरएफ?
आठ-नऊ वर्षांचं लेकरू पडलं आणि पुढचा दात मेला, तर मुळाचं टोक अजून उघडंच असतं. पोकळी निर्जंतुक केल्यावर नव्या पेशींना आधार लागतो.

एक वाट म्हणजे फाइल (मूळ आतून साफ करायची बारीक सुई) टोकापलीकडे किंचित नेऊन रक्त आणायचं. त्याची गुठळी हाच आधार. वेगळा खर्च नाही, पण कधीकधी रक्तच येत नाही.

दुसरी वाट पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन (रक्तातल्या प्लेटलेट भरपूर असलेलं फायब्रिन). त्यात हाताच्या शिरेतून रक्त काढून लगेच सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात. मिळणारा पिवळसर, चिवट गोळा वाढीचे घटक हळूहळू सोडतो. नळीत गोठणरोधक नसतं, म्हणून रक्त लगेच गोठू लागतं आणि ती धडगावहून नंदुरबारच्या लॅबला पाठवून चालत नाही. दवाखान्यात यंत्र नसेल तर मी गुठळीच सुचवेन.

मूळ दोन्हींत वाढू शकतं. आत भरणारी ऊती मात्र बहुधा खरा पल्प (दाताच्या आतला मऊ, जिवंत गर) नसते, हे आईबापांना आधीच सांगा.