दोन लाख चाळीसची सिव्हिक आणि ग्लोव्हबॉक्समधली वही

गाडी दोन लाख चाळीस हजारांची. पाच वर्षांत तिच्यावर घातलेले पैसे एक लाख एकाहत्तर हजार, पेट्रोल सोडून. हे आकडे माझे नव्हेत, बायकोचे. गाडी दारात आली त्याच दिवशी तिनं दोनशे पानी वही ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "काय घालायचं ते घाला, पण लिहून घाला." त्यामुळं थापा मारायची सोय राहिलेली नाही.

होंडा सिव्हिक, 2010 ची, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. ही पिढी भारतात 2006 ला आली आणि 2013 ला बंद पडली. इंजिन 1.8 लिटरचं, ताकद 132 पीएस. हिला स्पोर्ट्स सेडान म्हटलं की आमच्या लेथच्या शॉपमधली पोरं हसतात. हसू देत.

घ्यायच्या आधी चार महिने बघत होतो. कोल्हापुरात एक एमएच-09 ची सिव्हिक तीस हजारांनी स्वस्त मिळत होती. मीटरवर 48 हजार किलोमीटर, आणि ब्रेक पेडलचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत. एवढं रबर 48 हजारांत झिजत नाही, म्हणजे मीटर मागं फिरवलेला. शिवाय नंबर महाराष्ट्राचा. एजंट म्हणाला, "चालवा की तशीच, कोण विचारतंय?" आमच्या बेळगावात विचारतात, चौकाचौकात विचारतात. बारा महिन्यांच्या आत तिकडची एनओसी आणून इथला नंबर घ्यायचा, वर कर्नाटकाचा रोड टॅक्स नव्यानं भरायचा. सीमेवर राहणाऱ्यानं स्वस्त गाडी बघताना हा आकडा आधी मिळवावा. मी केए-22 च, म्हणजे बेळगावच्याच नंबरची घेतली, टिळकवाडीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, 74 हजार किलोमीटर झालेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या.

आता गंमत. रविवारी पहाटे साडेपाचला तिसरं रेल्वे गेट ओलांडायचं, पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरायचा. जांबोटीपर्यंत काही खास नाही. तिथून पुढं झाडी दाटते, वळणं सुरू होतात आणि ही गाडी जागी होते. इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळं खालच्या आरपीएमला ते शांत असतं, जवळजवळ आळशीच. साडेचार हजारांच्या पुढं आवाज बदलतो आणि सहा हजारांपर्यंत ते ओढतच राहतं. दुसऱ्या गिअरात नव्वदच्या पुढं जातं. स्पीडचा आकडा स्टिअरिंगच्या वर, काचेला लागून, म्हणून नजर रस्त्यावरून काढावी लागत नाही. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र विशबोनवर आहेत, मध्ये सलग आडवा दांडा नाही. वळणातच खड्डा लागला तरी मागची बाजू उडत नाही, एक चाक बसतं आणि उठतं. कणकुंबीला चहा होईपर्यंत बॉनेटमधून निवणाऱ्या इंजिनाची टिक टिक येत असते. मलप्रभा इथंच उगवते, आणि पावसाळ्यात तिच्याइतकंच पाणी रस्त्यावरच्या खड्ड्यांत असतं. जून ते ऑक्टोबर या रस्त्याचं नाव काढत नाही मी.

गेल्या डिसेंबरात पुण्याचा आतेभाऊ त्याची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आला. 2017 ची, ताकद 230 पीएस, ओढ (टॉर्क) 350 न्यूटन मीटर. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. खरं सांगतो, राष्ट्रीय महामार्गावर तिच्यापुढं माझी गाडी म्हणजे लुना. तवंदी घाटाच्या चढाला चौघं बसलेले असताना ट्रकला मागं टाकायचं तर मी एसी बंद करतो, तिसरा टाकतो आणि देवाचं नाव घेतो. आरएसमध्ये नुसता पाय दाबला. पण त्याच गाडीत जांबोटीच्या पुढं काय झालं? सरळ रस्ता चार सेकंदांत संपायचा, मग ब्रेक, पुन्हा चार सेकंद, पुन्हा ब्रेक. आणि शेजारी बसलेला भाऊ प्रत्येक खड्ड्याला "ए हळू, ए टायर!" टायर कमी उंचीचे, खड्ड्याच्या कडेवर बसले की फुगा येतो. परतताना तोच म्हणाला, तुझी गाडी दे.

आरएस जुन्यात बघणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. तिचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सहा गिअरचा, ओल्या (ऑइलात बुडालेल्या) क्लचचा. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर 60 हजार किलोमीटरला बदलावं लागतं. बदलल्याची पावती नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कापायला लावा. बीएमडब्ल्यू थ्री सिरीजही बघितली होती. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर ताशी 80 च्या आत सुमारे 80 किलोमीटर नेता येतो, छान आहे. पण तो टायर कणकुंबीत कोण हातात घेणार? गाडी बेळगावात पोचेल, पुढचा फोन पुण्याला किंवा बेंगळूरला.

खर्चाकडं येतो, कारण खरी मजा तिथं आहे. तिसऱ्या वर्षी पुढच्या चाकांतून खडखड यायला लागली. एका मोठ्या वर्कशॉपनं दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे) पूर्ण बदलायला सांगितले, कारण त्यातला रबरी "बुश सुटा बदलत नाही." माझं उद्यमबागेत लेथचं जॉबवर्क आहे, मला बुश बदलत नाही म्हणून सांगतात! सुटे बुश मागवले. ईएन-8 स्टीलच्या रॉडमधून बुशाच्या बाहेरच्या कड्याच्या मापाची स्लीव्ह (नळी) लेथवर टर्न केली आणि आर्म घेऊन शेजारच्या हायड्रॉलिक सिलिंडरवाल्याच्या वीस टनी प्रेसवर गेलो. जुना बुश फट्‌ करून बाहेर. नवा घातला, अर्धा तास स्वतःवर खूश होतो. मग मेस्त्री आले, बघितलं, म्हणाले, "खाचा कुठल्या दिशेला बघितलासा काय?" बुशाच्या रबरात खाचा असतात, त्या आर्मच्या ठरलेल्या रेषेत बसल्या पाहिजेत. माझ्या तिरक्या बसलेल्या. तो बुश वाया. वहीत नोंद आहे: "बुश 1, हुशारी."

दुसरी गोष्टही मेस्त्रींचीच. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन बुशावर, मग आवळायचे. लटकत्या आर्मला आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. जे लोक म्हणतात बुश टिकत नाहीत, त्यातल्या निम्म्यांचं हेच झालेलं असणार.

वाल्वचं सेटिंगही घरचंच. या इंजिनात वाल्वची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, ती हातानं जुळवायला स्क्रू आणि लॉकनट आहेत. इंजिन रात्रभर थंड, फट मोजायची फीलर गेज, इनटेकला 0.20 आणि एक्झॉस्टला 0.25 मिलिमीटरच्या आसपास. सोळा वाल्व, एक रविवार, खर्च शून्य. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे तोही ठरावीक खर्च नाही.

बाकी वहीत बुशासकट शॉकअॅब्सॉर्बर 46 हजार, चार टायर 24 हजार, इंजिन माउंटिंग 14 हजार, वर्षाला आठेक हजार सर्व्हिस, मग विमा, बॅटरी, किरकोळ. 38 हजार किलोमीटर चालवली, म्हणजे किलोमीटरला साडेचार रुपये. पेट्रोल सरासरी बारा देते, ते साडेआठ रुपये. पेट्रोल इकडं स्वस्त, म्हणून सीमा ओलांडायच्या आधी, वेंगुर्ल्याकडं जाताना शिनोळीच्या अलीकडं आणि कोल्हापूरला जाताना कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल करायची, हे इथल्या पोरालाही माहीत असतं.

पण हा साडेचारचा आकडा घेऊन तुम्ही सिव्हिक शोधायला निघू नका. त्यातली मजुरी बरीचशी देवाणघेवाणीची आहे: मी सिलिंडरवाल्याची शाफ्ट टर्न करून दिली, त्यानं मला प्रेस दिला. माझा मेव्हणा हुब्बळीत बँकेत आहे, त्यानं हीच गाडी घेतली असती तर बुशाच्या जागी दोन आर्म आणि वाल्वच्या जागी एक बिल आलं असतं. माझ्या अंदाजानं त्याला किलोमीटरला आठच्या खाली जमलं नसतं. शिवाय होंडानं ग्रेटर नोएडाचा कारखाना 2020 च्या डिसेंबरात बंद केला, तेव्हा नवी सिव्हिकही गेली. सर्व्हिसचं सामान मिळतं, पण जुन्या पिढीचे काच-पत्र्याचे भाग शोधावे लागतात. मेव्हण्याला मी पोलो जीटी बघायला सांगितलं. त्यानं शेवटी स्कूटर घेतली.

ऑक्टोबरात पंधरा वर्षं झाली, आरसी रिन्यू केली. पाच हजार फी, इन्स्पेक्शन वेगळं. इन्स्पेक्टरनं चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कन्नडमध्ये विचारलं, विकणार काय? आता 2030 पर्यंत निर्धास्त. फक्त क्लच वर पकडायला लागलाय. जांबोटीच्या चढाला चौथ्यात इंजिन ओरडतं, गाडी तेवढी उचलत नाही. मेस्त्री म्हणतात, "येनू आगल्ला (काही होत नाही), अजून सहा महिने जातंय." बायकोनं वहीत 'क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग' लिहून पुढं रकमेची जागा मोकळी सोडलीय.