जिंबरानची शेवंड आणि 420 ग्रॅमची टोपली

मासे मला कळतात, असा माझा आणि माहेरच्या सगळ्यांचा ठाम समज आहे. माहेर वेंगुर्ल्याचं, लग्नानंतर तीस वर्षं गिरगावात. कल्ले उघडून लालसर दिसले, डोळा काचेसारखा असला, अंगावर बोट दाबलं की खळगा राहिला नाही, की मासा घ्यायचा. या बाबतीत आजवर कुठल्या मासेवालीने मला बनवलेलं नाही. म्हणूनच बालीत जे झालं ते सांगायला जरा लाज वाटते. पण ओळखीतल्या दोन घरांची बालीची तिकिटं निघालीत आणि दोघांच्याही यादीत 'जिंबरानला मासे' आहेच, तेव्हा लिहून टाकते.

जिंबरान म्हणजे विमानतळाच्या दक्षिणेला असलेली किनारपट्टी. वाळूतच टेबलं मांडलेली असतात, मागे नारळाच्या सोडणांवर मासे भाजत असतात आणि त्याचा धूर अख्ख्या किनाऱ्यावर पसरलेला असतो. उलुवातूच्या देवळात संध्याकाळी केचक नाच बघायचा आणि परतताना जिंबरानला जेवायचं, हा तिथला ठरलेला कार्यक्रम. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. नणंदेच्या मैत्रिणीने एका ठिकाणाचं नाव दिलं होतं. ड्रायव्हरला ते सकाळीच सांगून ठेवलं होतं.

नाच संपून गाडीत बसलो तर ड्रायव्हर म्हणाला, "इबू (म्हणजे बाई), तिकडे आज बंद आहे, त्यांच्याकडे पूजा आहे." बालीत पूजाअर्चा रोजचीच. दिवसभर फुलांच्या परड्या आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मिरवणुका बघत होतो, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. "दुसरीकडे नेतो, मासे तेच, माझ्या ओळखीचे लोक आहेत." परतताना त्या 'बंद' जागेसमोरून गेलो. दिव्यांच्या माळा लागल्या होत्या आणि बाहेर गाड्यांची रांग होती. नवऱ्याने फक्त माझ्याकडे बघितलं. पण तोवर पोटात मासे आणि खिशाला भोक, दोन्ही होऊन गेलं होतं.

आता मूळ प्रकार. आत शिरल्याशिरल्या बर्फावर मासे लावलेले होते आणि बाजूला काचेच्या टाकीत जिवंत शेवंडी. वर खडूने लिहिलेला फळा. एका माशासमोर 35, कोळंबीसमोर 45, शेवंडीसमोर 140. तिथे हजारांची तीन शून्यं गाळून लिहितात, हे दोन दिवसांत कळलं होतं. म्हणजे शेवंड 1,40,000 रुपिया. तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण 190 रुपिया मिळत होते. मी मनात भागाकार केला: सातशे-साडेसातशे रुपये. किलोला! मुंबईत एवढ्यात शेवंडीच्या मिशा मिळतील. नवरा म्हणाला, "इतकी स्वस्त कशी असेल गं?" मी म्हटलं, "बाली आहे, इथे सगळंच स्वस्त." हा माझा लोभ. त्याचा दोष त्या लोकांवर ढकलत नाही.

आकड्याच्या शेजारी तिरकी रेघ मारून बारीक अक्षरात 'ओन्स' लिहिलं होतं. इंडोनेशियात ओन्स म्हणजे शंभर ग्रॅम. तिथल्या बाजारात हा रोजचा शब्द आहे, तो लिहिण्यात लबाडी अशी काही नाही. मी तो वाचलाही होता. वाटलं, काहीतरी त्यांच्या भाषेतलं असेल.

पुढचं मी अभिमानाने केलं. तांबोशीचे कल्ले उघडून बघितले, एक बाजूला सारली, दुसरी घेतली. कोळंबीची डोकी घट्ट आहेत का ते बघितलं. तिसऱ्यांवर टिचकी मारली, उघड्या होत्या त्या मिटल्या. टाकीतली सगळ्यात चपळ शेवंड बोटाने दाखवली. पोऱ्या अगदी आदराने 'येस इबू, येस इबू' करत होता. नणंदेच्या यजमानांनी सगळ्याचा व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकायला, की बघा वहिनी परदेशातही कोळणीला ऐकत नाही.

पोऱ्या एकेक जिन्नस हिरव्या प्लास्टिकच्या टोपलीत घालून काट्यावर ठेवायचा, आकडा मोठ्याने बोलायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. तांबोशी 1.4, शेवंड 0.8, कोळंबी 0.9, तिसऱ्या 1. काट्याचा डोळा त्याच्याकडे, पाठ आमच्याकडे. हो, आणखी एक सांगायला हवं. आमच्या मासेवालीकडे आजही सगळा कारभार वाट्याने नाहीतर नगाने चालतो. सुरमई उचलून 'काय घेशील हिचं?' असं विचारायची सवय. काट्याकडे बघायची सवयच हाताडोळ्यांना नाही.

जेवण, खोटं कशाला बोला, उत्तम होतं. सोडणावर भाजलेल्या तांबोशीला जरा गोडसर, तिखट मसाला चोपडलेला. सोबत साम्बाल मताह, म्हणजे कच्चा कांदा, मिरची आणि गवती चहा बारीक चिरून वर गरम खोबरेल तेल ओतलेलं. तो मी घरी तीनदा केलाय. गाणारी मंडळी टेबलाटेबलावरून फिरत होती, आम्हाला बघून त्यांनी हिंदी गाणं धरलं. समोर काळोखात विमानं दिवे लावून उतरत होती. एकच खटकलं, शेवंड. टाकीत बरी भरलेली दिसत होती, ताटात आली ती जेमतेम माझ्या तळहाताएवढी. नणंद म्हणाली, भाजल्यावर आकसते. असेल, म्हटलं.

बिल आलं 28,13,250 रुपियांचं. अठ्ठावीस लाख! आधी आम्ही हसलो. मग भागाकार केला आणि हसू गेलं: जवळजवळ पंधरा हजार रुपये. मॅनेजर हात जोडूनच आला. फळ्याजवळ नेऊन ते बारीक अक्षर दाखवलं. "ओन्स, इबू. हंड्रेड ग्राम." शिवाय दहा टक्के सर्व्हिस, आणि त्या सगळ्या बेरजेवर दहा टक्के कर, म्हणजे दोन्ही मिळून एकवीस टक्के. हेही मेनूच्या तळाशी छापलेलं. भांडायला काही जागाच नव्हती. कार्ड फिरवलं, तर मशीनने विचारलं रुपिया की रुपये? आपले रुपये बघून बरं वाटलं, तेच दाबलं. बँकेचा मेसेज आला 15,600 चा. मशीनवर आपलं चलन निवडलं की दर ते लोक ठरवतात आणि तो कधीच आपल्या सोयीचा नसतो. तिथलंच चलन निवडावं. हे मला मुलाने नंतर फोनवर शिकवलं, जरा जास्तच सविस्तर.

इथवर मी ही फसवणूक मानत नव्हते. आपणच नीट वाचलं नाही, संपलं. रात्री हॉटेलवर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी नणंदेचे यजमान तो बघत बसले होते आणि एकदम म्हणाले, "हे बघा." पोऱ्या काट्यावर रिकामी टोपली ठेवतो. ओली, तळाशी पाणी साचलेली. त्या क्षणी कॅमेरा त्याच्या बाजूने वळतो आणि आकडा दिसतो: 0.420. मग त्यात तांबोशी पडते, आकडा 1.4 होतो. मधे शून्याचं बटण दाबलेलं नाही. पुढच्या तिन्ही वेळा तीच टोपली.

चारशे वीस. मी बनवून सांगत नाहीये, यजमानांनी त्या फ्रेमचा फोटो काढून ठेवलाय.

हॉटेलच्या कागदावर हिशोब मांडला. 800 ग्रॅमची शेवंड होती 380 ग्रॅमची. तळहाताएवढी का होती ते कळलं. चार वेळा तोललेल्या टोपलीचे झाले 9,87,000 रुपिया, वर त्या टोपलीवर सर्व्हिस आणि कर. म्हणजे सहा हजार रुपयांहून जास्त पैसे आम्ही एका हिरव्या प्लास्टिकच्या टोपलीचे मोजले. मी कल्ले बघण्यात गुंग होते, आणि गिऱ्हाईक कल्ले बघतं तेव्हा काट्याकडे बघत नाही, हे त्या पोऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सकाळी रिसेप्शनवर सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला, ड्रायव्हरने गिऱ्हाईक आणलं की त्याचा वाटा असतोच. वाटा! शब्द ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

आकड्यापुढचं माप न वाचणारी मी काही पहिली नाही, एवढं समाधान. 2015 च्या ऑक्टोबरात चीनमधल्या छिंगदाओत 38 युआनची कोळंबी मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला बिलाच्या वेळी कळलं, की 38 हा ताटलीचा नाही, एका कोळंबीचा भाव आहे. तिथे एवढा गहजब झाला की हॉटेलला 90,000 युआन दंड बसला. सिंगापूरच्या न्यूटन फूड सेंटरमध्ये 2009 साली अमेरिकन पर्यटकांना आठ टायगर प्रॉन्सचे 239 सिंगापूर डॉलर लावले, त्या स्टॉलला तीन महिने बंद ठेवलं. मापं तरी किती! इटलीत मेनूवर माशापुढे 'एत्तो' दिसलं तर तेही शंभर ग्रॅम. चीनमध्ये जिन म्हणजे अर्धा किलो, आणि हाँगकाँगचा कॅटी सहाशे ग्रॅमच्या थोडा वर. फळ्यावर आकडा दिसला की आधी 'कशाचा?' विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. शिजवण्याचे पैसे, कर, सर्व्हिस धरून एकूण किती, तेही तिथेच, मासा आगीवर जायच्या आधी.

तिसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने पुन्हा गेलो, पण केडोंगाननच्या मासळी बाजारात. जिंबरानच्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला. रंगीत होड्या, पायाखाली बर्फाचं पाणी, बायकांचा कलकलाट. भाऊच्या धक्क्यावर आल्यासारखं वाटलं. यावेळी पिशवीत दीड लिटरची सीलबंद पाण्याची बाटली नेली होती. मासा निवडला आणि तोलायच्या आधी बाटली मासेवालीच्या काट्यावर ठेवली. 1.54 आलं. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, वर थोडं बाटलीचं, म्हणजे काटा बरोबर. मासेवाली आधी बघतच राहिली, मग खो-खो हसली, शेजारणीला हाक मारून दाखवलं, आणि टोपली ठेवून मला दिसेल असं शून्याचं बटण दाबलं. तांबोशी, कोळंबी, अर्धा किलो माकूल. शेजारच्या टपरीवर भाजणावळ किलोवर, ती आधी ठरवली. भात, कांगकुंगची पालेभाजी आणि शहाळ्यांसकट चौघांचे सगळे मिळून 4,10,000 रुपिया. एकवीसशे-बावीसशे रुपये.

त्या पहिल्या जागेला मी नकाशावर एक तारा दिला, टोपलीचा फोटो जोडला आणि वजनांचा सगळा हिशोब लिहिला. तासाभरात उत्तर आलं: आपल्या प्रेमळ भेटीबद्दल धन्यवाद, कुटुंबासह पुन्हा अवश्य या.