घरगुती व्हिडिओ चाळणारी बीटा अ‍ॅप्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेस्टफ्लाइट (अ‍ॅपलची, अपुरी अ‍ॅप्स चाचणीसाठी देण्याची सोय) वरची बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती 90 दिवसांनी बंद होते, हे ती वापरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. बनवणाऱ्याने पुढची आवृत्ती चढवलीच नाही, अ‍ॅप उघडेना, आणि मी एकेका व्हिडिओला दिलेली नावं, केलेल्या खुणा सगळं त्याच्या पोटात अडकलं. एक्स्पोर्टची सोय नव्हती. मेल केला तर उत्तर आलं, ‘पुढच्या आवृत्तीत देऊ.’ ती अजून आलेली नाही. मूळ व्हिडिओ गॅलरीत शाबूत आहेत, पण त्या नोंदी करण्यात माझा वेळ गेला होता. तो असा कुणी गिळून टाकावा याचा मला संताप येतो.

तरी ही अ‍ॅप्स सोडवत नाहीत, कारण फोनची गॅलरी व्हिडिओंच्या बाबतीत फार तोकडी आहे. फोटो नजरेने कळतो. व्हिडिओच्या थंबनेलवर मात्र बऱ्याचदा सुरुवातीची फ्रेम असते, आणि तेव्हा कॅमेरा अजून जमिनीकडेच असतो. एका समारंभाचे सगळे व्हिडिओ फरशीचे दिसतात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: व्हिडिओखालच्या पट्टीवर बोट सरकवून हव्या त्या क्षणी पोचणं. व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत एच.264 असो की एचईव्हीसी, प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, म्हणजे कीफ्रेम, आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. अ‍ॅप बनवणाऱ्याने आळस केला की बोट कुठेही ठेवा, चित्र जवळच्या कीफ्रेमवर उडी मारतं. फोनने काढलेल्या व्हिडिओत हे फारसं खुपत नाही. पण जुन्या कॅमेऱ्यातले, कॉम्प्युटरवर पुन्हा एन्कोड करून, म्हणजे नव्याने दाबून, ठेवलेले व्हिडिओ? हे काम करणाऱ्या एक्स264 या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमपर्यंत अंतर चालतं. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर झाले 10 सेकंद. तेवढ्यात बाळ पहिलं पाऊल टाकून खालीही बसतं!

यावर उपाय नाही असं कुणी सांगू नये. अँड्रॉइड अ‍ॅप्समध्ये व्हिडिओ चालवण्यासाठी वापरतात त्या एक्सोप्लेअरमध्ये अचूक फ्रेमवर जायचा पर्याय आहे, आयफोनवरही किती ढील द्यायची ते अ‍ॅपच ठरवतं. अचूक फ्रेम दाखवायची तर मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं, म्हणून चित्र बोटाच्या मागे रेंगाळतं, ही अडचण खरी. मी वापरलेल्या एका अ‍ॅपने त्यावर तोड काढली: फोन चार्जिंगला असताना प्रत्येक व्हिडिओची छोटी प्रत बनवायची, जिच्यात सगळ्याच फ्रेम पूर्ण असतात. सुरुवातीला मी यावर चिडले होते. 4के, 30 फ्रेमच्या एका मिनिटाला 170 एमबी लागतात असं आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलंय, त्यात या प्रतींची भर कशाला? दरमहा पैसे भरून क्लाउडवर जागा घ्यायची माझी तयारी नाही. पण वापरत गेले तसं मत बदललं. चित्र बोटाबरोबर पुढे-मागे होतं, आणि लांबलचक व्हिडिओतला नेमका हसण्याचा क्षण लगेच सापडतो. त्यासाठी मी फोनमधले डाउनलोड केलेले चित्रपट उडवले.

दुसरा सुखद धक्का आवाजाच्या शोधाचा. चित्रावरून शोध (‘पाऊस’, ‘केक’) बऱ्याच ठिकाणी आहे आणि चालतोही, पण घरच्या व्हिडिओंत तीच माणसं, त्याच खोल्या. वेगळं असतं ते बोलणं. एका अ‍ॅपने बोलण्याचा मजकूर काढून ठेवला. मराठी वाक्यं पुष्कळदा चुकीची उतरतात, पण हाक मारलेलं नाव सहसा बरोबर पकडतं. आज्जी हयात असताना मला हाक मारत असलेला एक व्हिडिओ मी विसरूनच गेले होते. माझं नाव टाइप केलं आणि तो समोर आला. या एका गोष्टीसाठी त्या अ‍ॅपचे बाकी दोष मी सहन करते. विमान मोडवरही शोध चालतो, हेही तपासून घेतलं.

तारखांचा गोंधळ सगळीकडे आहे. एमपी4 फाइलमध्ये नोंदलेली, व्हिडिओ बनल्याची वेळ 1 जानेवारी 1904 पासूनच्या सेकंदांत मोजतात. तो रकाना शून्य राहिला की काही अ‍ॅप्स व्हिडिओ थेट 1904 सालात नेऊन ठेवतात. निदान अशा फाइली ‘तारीख नाही’ म्हणून बाजूला काढाव्यात, एवढंही कुणाला सुचू नये?

सध्या दोनच ठेवली आहेत, छोट्या प्रतीवालं आणि आवाजवालं. नवीन बीटा घेतलं तर आधी दोन-तीन खुणा करून त्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढता येतात का ते बघते. येत नसतील तर बाकी काहीही न बघता अ‍ॅप काढून टाकते.