दोनशे बाइटांतला लाइन एडिटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी संदर्भ. आम्ही शेतीपंपांसाठी थ्री-फेज मोटर कंट्रोलर बनवतो. सिंगल फेजिंग, ड्राय रन, ओव्हरलोड अशी नेहमीची संरक्षणं त्यात असतात. आत एसटीएम३२ एफ०३०एफ४ आहे. वीस पायांची स्वस्त चिप, १६ केबी फ्लॅश, ४ केबी रॅम. सेटिंग बदलायला बोर्डावर सिरियल पोर्ट दिलाय. टेक्निशियन यूएसबी-टीटीएल केबल लावतो, प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी खूण) येतो, कमांड टाइप करतो. पूर्वी फर्मवेअर (चिपमधला आमचा प्रोग्रॅम) फक्त अक्षरं गोळा करायचं आणि एंटर आलं की ओळ वाचायचं. एक अंक चुकला की अख्खी ओळ पुन्हा. त्यात ‘सर, वरचा बाण दाबला की कचरा येतो’ ही तक्रार ठरलेली. तो कचरा म्हणजे वरच्या बाणाचे तीन बाइट: २७, ९१, ६५. पहिला दिसत नाही, पुढचे दोन (चौकटी कंस आणि इंग्रजी ए) कमांडमध्ये घुसतात आणि कमांड अनोळखी ठरते.

म्हणून स्वतःची छोटी लाइन एडिटर लायब्ररी लिहिली, म्हणजे एंटर दाबायच्या आधी ओळ दुरुस्त करू देणारा कोड. आता ती काही महिने फील्डवरच्या बोर्डांत चालतेय, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

‘तयार आहे की, लिहायची कशाला?’ हा प्रश्न येणारच. डेस्कटॉपवर सगळ्यांना माहीत असलेली रीडलाइन ही लायब्ररी इथे दोन कारणांनी बाद. एक तर ती पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम गृहीत धरते, आणि दुसरं म्हणजे तिचं जीपीएल लायसन्स, जे आपलाही सोर्स खुला करायला लावतं. बंद सोर्सच्या फर्मवेअरमध्ये ती जोडता येत नाही. रेडिस डेटाबेसवाल्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१० मध्ये लिहिलेली लाइननॉइज बीएसडी लायसन्सची (तशी अट नसलेली) आहे आणि तिचा कोड एका बैठकीत वाचून होतो. ईएसपी३२ या वाय-फाय चिपच्या ईएसपी-आयडीएफ या अधिकृत सॉफ्टवेअर किटमधला कन्सोल तिच्यावरच उभा आहे. तुमच्याकडे ईएसपी३२ असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तीच घ्या. पण मूळ लाइननॉइजमध्ये ओळीची मर्यादा ४०९६ बाइट आहे. माझी रॅमच तेवढी! मर्यादा कमी करता येते, पण मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) आणि टर्मिऑस (ऑपरेटिंग सिस्टिमची टर्मिनल सेटिंग) काढत बसलं की शेवटी हातात दुसरीच लायब्ररी राहते. मायक्रोआरएल खास लहान कंट्रोलरांसाठीच आहे आणि तिची एक कल्पना मी सरळ उचलली: एका वेळी एक अक्षर आत ढकलायचं, बाकी सगळं कॉलबॅकने, म्हणजे लायब्ररीने वेळ आली की आपलं फंक्शन बोलवायचं. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्लस सीएलआय बघितलं, पण ते तयार ओळीतली कमांड ओळखून चालवतं. ओळ दुरुस्त करणं हे त्याचं कामच नाही.

मग मी वेगळं काय केलं? एकच गोष्ट, आणि आज मागे वळून बघताना तोच निर्णय सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला दिसतो. लायब्ररी एस्केप कोड (बाणासारखे, २७ ने सुरू होणारे बाइट) ऐकते, पण स्वतः एकही पाठवत नाही. बाहेर जातात ती फक्त साधी अक्षरं, कॅरेज रिटर्न (कर्सर ओळीच्या सुरुवातीला), लाइन फीड (पुढची ओळ), बेल आणि कोड ८, म्हणजे कर्सर एक घर डावीकडे.

उदाहरण देतो. टेक्निशियनने किंमत ४५ टाकली, हवी होती ४.५. तो डावा बाण दाबतो. तीन बाइट आत येतात, बाहेर एकच कोड ८ जातो, कर्सर पाचाच्या अंगावर येतो. मग तो बिंदू टाइप करतो. लायब्ररी बिंदू पाठवते, त्यामागे उरलेला ५ पुन्हा लिहिते आणि एक कोड ८ पाठवून कर्सर जागेवर आणते. तीन बाइटांत काम झालं. लाइननॉइज अशा वेळी ओळ मुळापासून रंगवते: आधी कॅरेज रिटर्न, मग प्रॉम्प्ट, पूर्ण मजकूर, उजवीकडचं पुसायचा एस्केप कोड आणि शेवटी कर्सर हलवायचा आणखी एक. संगणकावर त्याने काडीचाही फरक पडत नाही, पण मला ते कोड समजणाऱ्या टर्मिनलची हमी द्यावी लागली असती, आणि ती मी देऊ शकत नाही.

या पद्धतीला किंमत आहे. साठ अक्षरांच्या ओळीत अगदी सुरुवातीला एक अक्षर घुसवलं तर सुमारे १२० बाइट बाहेर जातात. आमच्या ३८४०० बॉडवर (सिरियल पोर्टचा वेग) तीसेक मिलिसेकंद, कळतही नाही. ९६०० वर तेच सव्वाशे मिलिसेकंद होतात आणि भराभर टाइप करणाऱ्याला ओळ अडखळताना दिसते. शिवाय ओळ स्क्रीनवर दुमडली की कोड ८ बहुतेक टर्मिनलांवर वरच्या ओळीत परत जात नाही. म्हणून ओळ साठवायचा बफर ६४ अक्षरांचा, प्रॉम्प्ट आखूड, आणि ८० कॉलमांच्या आत सगळं संपवायचं. पासष्टावं अक्षर आलं की फक्त बेल वाजते. आमच्या सगळ्यात लांब कमांडलाही चाळीसच्या पुढे जागा लागत नाही.

टर्मिनलांचे नखरे मात्र मोजावेत तितके कमी. संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्रॅमांपैकी पुटी बॅकस्पेसला १२७ पाठवतं, टेराटर्म नेहमीच्या सेटिंगला ८. दोन्ही बॅकस्पेसच मानायचे, विषय संपला. होम की कुठे २७, ९१, ७२ अशी येते, तर कुठे २७, ९१, ४९, १२६ अशी. बाणांमध्येही काही वेळा ९१ च्या जागी ७९ येतो. नुसती एस्केप की दाबली तर पुढे काही येणार आहे की नाही हे टायमरशिवाय कळत नाही. मी टायमर ठेवला नाही, एस्केपला काही अर्थही दिला नाही.

आणि मोबाइल! लिहिताना डोळ्यांसमोर लॅपटॉप होता, पण फील्डवरचे निम्मे लोक ओटीजी केबलने फोनच लावतात. तिथल्या सिरियल टर्मिनल ॲपमध्ये खाली ओळ लिहायची आणि पाठवायचं बटण दाबायचं. ओळीची दुरुस्ती फोनच्या कीबोर्डवरच होऊन जाते. आमच्याकडे येते ती तयार ओळ, शेवटी १३ (कॅरेज रिटर्न) आणि १० (लाइन फीड) जोडून. म्हणजे या लोकांसाठी माझ्या लायब्ररीचं काम एवढंच की १३ नंतर लगेच आलेला १० गिळून टाकायचा, नाहीतर दर कमांडला प्रॉम्प्ट दोनदा उमटतो. अशी ॲपं एस्केप कोड समजून घेतीलच असं नाही, आणि न समजलेले कोड स्क्रीनवर तसेच सांडतात. आमच्याकडून कोड जातच नाहीत, त्यामुळे फोनचा स्क्रीन स्वच्छ राहतो. ईएसपी-आयडीएफ यासाठी सुरुवातीला टर्मिनलला एक प्रश्न पाठवून बघतं आणि उत्तर नाही आलं तर साध्या मोडमध्ये जातं. पण आमचा बोर्ड चालू होतो तेव्हा केबल लावलेलीच नसते, विचारायचं कुणाला?

वापरावरून कळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे हिस्टरी (वरच्या बाणाने परत येणाऱ्या जुन्या कमांड) फार लागत नाही. १२८ बाइटांची रिंग (गोल बफर) ठेवलीय, त्यात पाच-सहा कमांड सहज मावतात, पण लोक वरचा बाण एकदा, फार तर दोनदा दाबतात. सगळ्यात जास्त वापर टॅबचा आहे, आणि तोही शब्द पुरा करायला नाही. रिकाम्या प्रॉम्प्टवर टॅब दाबला की कमांडची यादी येते, तेच त्यांचं मॅन्युअल. कंट्रोल-यू ने ओळ पुसणं आम्हा ऑफिसवाल्यांपुरतं राहिलं. आज पुन्हा लिहायची झाली तर हिस्टरी अर्धी करून ती रॅम यादीतल्या मदतीच्या बफरला देईन.

सगळ्यात डोकं खाल्लं ते पेस्टने, आणि त्याचा लाइन एडिटरशी थेट संबंधही नाही. काही जण नोटपॅडमधून सेटिंगच्या दहा-बारा ओळी एकदम चिकटवतात. मधे सेव्हची कमांड असली की पुढच्या ओळीचं डोकं उडायचं. कारण असं की सेव्ह करताना फ्लॅशचं पान पुसलं जातं, आणि या चिपवर त्याला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. प्रोग्रॅमही त्याच फ्लॅशमधून चालतो, त्यामुळे तेवढा वेळ प्रोसेसर अडून राहतो आणि इंटरप्टचा, म्हणजे आलेलं अक्षर लगेच उचलणारा, कोडही चालत नाही. यूआर्टला (चिपमधल्या सिरियल पोर्टला) फिफो, म्हणजे आलेली अक्षरं रांगेत ठेवायची जागा, नाही. ३८४०० बॉडवर ४० मिलिसेकंदांत दीडशे अक्षरं येऊन जातात आणि हाती लागतं एखादंच. शिवाय ओव्हररनचा (अक्षर सांडल्याचा) फ्लॅग साफ केला नाही तर पुढची अक्षरं येणंच थांबतं. उपाय डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरचा. २५६ बाइटांचा गोल बफर रॅममध्ये ठेवला, डीएमए त्यात परस्पर भरत राहतो, प्रोसेसर जागा झाला की तिथून एकेक अक्षर लायब्ररीत ढकलतो. तेव्हापासून पेस्ट नीट चालतं. जुन्या फर्मवेअरच्या बोर्डांसाठी टेराटर्ममध्ये दर ओळीमागे विलंब ठेवायची सोय आहे, त्यावर भागवतो.

मराठीचा प्रश्नही आला. मोटरला ‘विहीर’ असं नाव देता येईल का, असं एका डीलरने विचारलं. युटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ‘विहीर’ म्हणजे पाच कोड आणि पंधरा बाइट. बॅकस्पेसला १२८ ते १९१ मधले बाइट ओलांडून मागे जाणं अवघड नाही, दोन ओळींचं काम आहे. अडतं ते कर्सरपाशी. ‘वि’ स्क्रीनवर किती घरं घेतो हे प्रत्येक टर्मिनल आपल्या मनाने ठरवतं, आणि माझी सगळी मदार एका अक्षराला एक कोड ८ यावर. चुकीच्या जागी कर्सर दाखवण्यापेक्षा १२७ च्या वरचा बाइट नाकारलेला बरा. नावं सध्या रोमन लिपीतच.

आकार विचाराल तर कोड दीड केबीच्या आसपास आणि स्थिती ठेवायला दोनशे बाइटांहून थोडी जास्त रॅम, सगळी स्थिर, मॅलॉक नाही, प्रिंटएफ (सी भाषेतलं छपाईचं जड फंक्शन) नाही. हार्डवेअरचा कुठे उल्लेख नसल्याने तीच फाइल पीसीवर कंपाइल होते. तिच्यात रँडम बाइट ओतत ठेवले आणि दर बाइटनंतर कर्सर बफरच्या आत आहे ना एवढंच तपासलं, तरी त्यातून भरपूर निघतं. जेफायर ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असाल तर त्याच्या शेलमध्ये हे सगळं आहे आणि बरंच जास्तही आहे. मग स्वतःचं लिहू नका.

जिथे ती मी चालवत नाही ते म्हणजे आरएस-४८५ वरचे बोर्ड. हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणारी लाइन) असल्यामुळे दर अक्षराच्या एकोसाठी, म्हणजे ते परत पाठवून स्क्रीनवर दाखवण्यासाठी, लाइनची दिशा फिरवावी लागते, आणि तेवढ्यात पुढचं अक्षर आलं की दोन्ही आदळतात. तिथे एको आणि एडिटिंग दोन्ही बंद. पूर्ण ओळ एकदम येते, उत्तर एकदम जातं, आणि अंक चुकला तर ओळ अजूनही पुन्हाच टाइप करावी लागते.