बोटे उघडणाऱ्या घरगुती बाह्य-सांगाड्यासाठी एमजी ९९६ आर सर्व्हो मोटर

पक्षाघातानंतर वडिलांच्या उजव्या हाताची मूठ वळते, पण उघडत नाही. म्हणून मिरजेतील फिजिओथेरपिस्टच्या संमतीने, हातमोज्याच्या पाठीवरून तार ओढून बोटे सरळ करणारा एक बाह्य-सांगाडा घरी बांधला आणि त्यासाठी सांगलीत विश्रामबागेतील दुकानातून ही सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी मोटर, ४०० रुपयांच्या आसपास घेतली.

ताकदीबाबत तक्रार नाही. ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर असा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सांगितला जातो. मात्र हे आकडे मोटर अडून थांबते त्या क्षणाचे असल्याने सततच्या वापरासाठी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर हिशेब मांडावा. दातेरी चाके धातूची आहेत, हे प्लॅस्टिकच्या स्वस्त मोटरींपेक्षा निश्चितच बरे. वजन ५५ ग्रॅम असल्यामुळे मोटर मनगटावर नको. ती कोपराजवळ बांधून सायकलच्या ब्रेकची तार आवरणासह बोटांपर्यंत न्यावी. तारेला वळणे जितकी कमी, तितके घर्षण कमी.

खरी अडचण विजेची आहे. अडलेली मोटर ६ व्होल्टला २.५ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते, त्यामुळे तिला आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरून वीज देणे चुकीचेच. लिथियमचे दोन सेल एकापुढे एक जोडले तर पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात आणि मोटरीची मर्यादा ७.२ आहे, म्हणून मध्ये व्होल्टेज ६ वर आणणारा बक कन्व्हर्टर हवाच.

याहून गंभीर उणीव म्हणजे मोटरीला तीनच तारा आहेत आणि तिची प्रत्यक्ष स्थिती बाहेर कळत नाही. बोट ताठरून अडले तरी ती ठरलेल्या कोनापर्यंत ओढतच राहते. दुखऱ्या हातावर हे अजिबात परवडणारे नाही! प्रोग्रॅममधील कोनमर्यादेवर विसंबू नये. तारेला अडवणारी गाठ, जादा ताण आल्यास सुटणारा चुंबकी जोड आणि दुसऱ्या हाताशी वीज तोडणारे बटण, हे तिन्ही बसवावेत.

बोटांपुरती मी ही मोटर सुचवेन, मनगटासाठी नाही. बोटे वळवणारे लांब स्नायू मनगटावरूनच जात असल्यामुळे बोटे सरळ होताना मनगट आत झुकू पाहते आणि ते सतत पेलून धरताना मोटर तापते. तिथे आम्ही मनगट स्थिर धरणारा साधा स्प्लिंटच ठेवला आहे.