कब पॅकमध्ये दहा महिने: दोरी, रविवारची पाळी आणि साडेतीनशे रुपये

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षाच्या वर्गणीचा मेसेज आला. त्याच दिवशी कपाट आवरताना नायलॉनची ती हिरवी दोरी हाताला लागली आणि जूनपासूनचं सगळं पुन्हा आठवलं. लेक आठ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेत स्काऊट-गाईड नाही, म्हणून मुलुंडच्या एका ओपन ग्रुपमध्ये, म्हणजे कुठल्याही शाळेशी न जोडलेल्या गटात, त्याला कबला घातलं. कब म्हणजे स्काऊटमधली लहान मुलं, आणि त्यांची तुकडी म्हणजे पॅक. आम्ही राहतो भांडुपला. शपथ काय, गणवेश कसा, चरण (शिकण्याचे टप्पे) किती, हे इथे सांगत बसत नाही. मूल घालायचा विचार असणाऱ्यांनी ते आधीच वाचलेलं असतं. घरच्यांना काय काय करावं लागतं ते मात्र आत गेल्यावरच कळतं. म्हणून लिहिते आहे.

आधी दोरी.

पहिल्याच रविवारी मुलांच्या हातात यादी दिली: वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, दोरी. नुसतं ‘दोरी’. मी स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पस्तीस रुपयांची नायलॉनची घेतली. मजबूत असते, पावसात कुजत नाही, असा माझा विचार. दोन महिने पोर त्या दोरीशी झगडत होतं. रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं एकमेकांना बांधायची साधी गाठ, बांधायचा आणि हात सोडला की गाठ सुटायची. डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, हे त्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. तरी गाठ घसरायची. घरी येऊन म्हणायचा, “आई, मला जमतच नाही.” मीही त्याच्यावर चिडले, नीट लक्ष देत नाहीस म्हणून. ते बोलणं मला अजून टोचतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी पालक म्हणून थांबायची माझी पाळी होती तेव्हा अकेलांनी, म्हणजे पॅकच्या बाईंनी, दोरी हातात घेतली आणि म्हणाल्या, “अहो, ही नायलॉनची आहे. गुळगुळीत असते, गाठ धरत नाही. सुती आणायची.” हे जूनमध्ये यादीत लिहायला काय झालं होतं? एकच शब्द वाढला असता. बाकीच्या पालकांना विचारलं तर आणखी पाच घरांत हाच प्रकार. सुती दोरी आमच्याकडे कुठल्या दुकानात मिळेना. शेवटी नवऱ्याने मस्जिद बंदरला दोरखंडाच्या दुकानातून तीन मीटर आणली. एकशे दहा रुपये, शिवाय लोकलचं भाडं. त्या संध्याकाळी लेकाने सलग अकरा वेळा रीफ नॉट बांधला आणि एकदाही तो सुटला नाही. दोन महिने फुकट गेले ते दुकानात पंचाहत्तर रुपये जास्त मोजण्यापेक्षा महाग पडले. एका शब्दावरून एवढं का, असं नवरा म्हणतो. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःवर शंका घ्यायला लावणारी चूक मला लहान वाटत नाही.

आता पाळी. पॅकमध्ये चोवीसपेक्षा जास्त मुलं घेत नाहीत, आणि दर रविवारी दोन पालकांनी थांबायचं असतं. पाण्याचा कॅन, प्रथमोपचाराची पेटी, हजेरी, रस्ता ओलांडताना मुलं मोजणं. हिशेबाने वर्षातून तीन-चार वेळा पाळी यायला हवी. आमची सहा वेळा आली, कारण काही घरांतून कुणी येतच नाही आणि शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो: “उद्या कोणी मोकळं आहे का?” मी लॅबमध्ये सोमवार ते शनिवार उभी असते. रविवार एकच. वर्ग आठ ते साडेदहा असं म्हणतात, सुटायला अकरा वाजतात, आणि तोवर मेन लाइनवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक सुरू झालेला असतो. दोन स्टेशनांसाठी मूल, कॅन आणि पेटी घेऊन अर्धा तास फलाटावर. वेळ पाळायला शिकवणाऱ्या वर्गाने वेळेवर सुटावं, ही माझी अपेक्षा अजूनही आहे.

पण पाळीला थांबले म्हणून मला आतलं दिसलं, हेही लिहायला हवं. गेटवर मूल सोडून निघून जाणाऱ्यांना ते दिसत नाही. बाई ओरडत नाहीत. हात वर करतात आणि चोवीस मुलं गोलात येतात. त्यांच्या गळ्यात चामडी दोरीत दोन लाकडी मणी असतात. हिमालय वुड बॅजचं, म्हणजे स्काऊट शिकवणाऱ्या मोठ्यांचं, प्रशिक्षण पूर्ण केलं की ते मिळतात, हे मला पाळीवर असतानाच कळलं. पगार शून्य. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्या दर रविवारी साडेसातला मैदानावर असतात. आणि मुलांचं काम मुलंच बघतात. आमच्या लेकाच्या पिवळ्या सिक्सचा (पॅकमधल्या छोट्या गटाचा) सिक्सर, म्हणजे गटप्रमुख, दहा वर्षांचा. एका लहानग्याला क्लोव्ह हिच (खांबाला दोरी बांधायची गाठ) जमेना तेव्हा या मुलाने त्याच्या हातातली दोरी घेतली नाही. आपली दोरी काढून त्याच्या शेजारी उभं राहून हळूहळू बांधत राहिला, तो बघून करेपर्यंत. मी घरी असं कधी केलं नव्हतं. मी दोरी हिसकावून घेऊन बांधून दाखवत होते.

दिवाळीच्या सुट्टीत ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम झाला, आणि तिथे माझं बाईंशी वाजलं. मुलांनी शेजारीपाजारी छोटी कामं करून पैसे कमवायचे, कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही घ्यायची. आजच्या मुंबईत पोरगं लोकांच्या दारात पाठवायचं, हे मला पटेना. मी पाकिटात दोनशे रुपये घालून दिले. पुढच्या रविवारी पाकीट तसंच परत, वर चिठ्ठी: “हे तुमचे आहेत, त्याचे नाहीत.” मला फार लागलं. फोन करून मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की ओळखीच्याच घरी जायचं, पालकाने जिन्यात उभं राहायचं, पण बोलायचं मुलाने.

तसं केलं. आमच्याच चाळवजा इमारतीत चार घरं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे एक किलो मटार सोलले. तळमजल्यावर दोन जोड बूट पॉलिश. कुंड्यांना पाणी. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची सायकल. आजोबांनी चाकाच्या तारा बोट फिरवून बघितल्या आणि म्हणाले, “पुन्हा पूस.” मी जिन्यात ओठ घट्ट मिटून उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फडका ओला करून आणला आणि एकेक तार पुसली. वीस रुपये आणि सही. एकूण नव्वद रुपये झाले. त्या रात्री ते पैसे त्याने तीनदा मोजले. मी फोनवर जे बोलले त्याबद्दल बाईंची माफी मागितली आहे, इथेही लिहिते की त्या बरोबर होत्या.

साडेतीनशे रुपयांचं मात्र मला अजून पटलेलं नाही. जुलैमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची सहल ठरली, प्रत्येकी साडेतीनशे घेतले, पाऊस एवढा झाला की सहल रद्द केली. रद्द केली ते योग्यच. पण पैसे? ऑगस्टमध्ये विचारलं, “बघतो.” सप्टेंबरमध्ये विचारलं, “बसवाल्याकडे आहेत.” मग कुणीतरी ग्रुपवर लिहिलं की एवढ्याशा रकमेसाठी कशाला. चोवीस घरांचे मिळून आठ हजार चारशे होतात, ही एवढीशी रक्कम नाही, आणि जिथे मुलांना नव्वद रुपयांचा हिशेब कार्डावर लिहायला लावतात तिथे मोठ्यांनी आठ हजारांचा लिहिला पाहिजे. हे मी मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोलले. ऑक्टोबरमध्ये हिशेबाचा कागद आला, आणि पैसे पुढच्या सहलीत वळते केले. जानेवारीत सहल झाली. दारापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत, मुलं जाताना चालत गेली. खडकात कोरलेली पाण्याची टाकी कुठली कशाला जोडली आहेत याचा नकाशा काढायला लावला होता. लेकाचा नकाशा घरी फ्रिजवर आहे. सहल उत्तम, हिशेबाला उशीर वाईट. दोन्ही खरं आहे.

एक गोष्ट मी जूनमध्ये चुकीची समजले होते. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता: “घरातील कोणाला काय येते?” मला राग आला होता. आमच्या चौकशा कशाला? मी ‘विशेष काही नाही’ लिहिलं. डिसेंबरमध्ये बाईंनी लेकाला गप्पांत विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, “माझे काका मंडप बांधतात.” माझे दीर गणपतीत आणि लग्नसराईत बांबूचे मंडप उभारतात. बाईंनी त्यांना फोन केला. माझी खात्री होती की भाऊजी नाही म्हणतील, शिकलेल्या लोकांपुढे उभं राहायला ते संकोचतात. ते आले. काथ्याची दोन बंडलं आणि सहा बांबू टेम्पोतून घेऊन आले. स्काऊटच्या मोठ्या मुलांना स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन बांबू आडवे-उभे बांधणं, शिकायचं होतं. आडवा आणि उभा बांबू कसा आवळायचा, मधे पिळा कसा द्यायचा, काथ्या आधी भिजवला की वाळताना कसा घट्ट बसतो, हे त्यांनी दोन तास दाखवलं. सुरुवातीची गाठ क्लोव्ह हिच होती. भाऊजी तिला नुसती ‘फास’ म्हणतात आणि पंचवीस वर्षं बांधतात. कब मुलं बाजूला बसून बघत होती. आमचा लेक शेजारच्या मुलाला सांगत होता, “ते माझे काका आहेत.” निघताना मुलांनी त्यांना सॅल्यूट केला आणि स्काऊटच्या पद्धतीने डावा हात पुढे केला. भाऊजी क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही डावा हात दिला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

सासूबाईंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचंही सांगते. गॅलरीतली दोरी तुटली, दुसरा तुकडा होता तो जाड. लेकाने स्टुलावर चढून दोन्ही जोडल्या. शीट बेंड नावाची गाठ जाड-बारीक दोऱ्या जोडायलाच असते, आणि दोरी नायलॉनची म्हणून याने स्वतःहून ती दुहेरी घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जून-जुलैत नायलॉनने छळलं होतं, ते लक्षात होतं. चार महिने ओल्या चादरी त्यावर आहेत.

खर्चाचं थोडक्यात: वर्गणी सहाशे, करडा शर्ट आणि नेव्ही ब्लू चड्डी मिळून साधारण तेराशे, स्कार्फ वेगळा. शर्ट एक नंबर मोठा घ्या. स्कार्फचा रंग पहिल्या धुण्यात जातो, वेगळा धुवा. वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी) विकत घेऊ नका, मुलं स्वतः करतात. ज्या घरात रविवारी कुणालाच थांबता येणार नाही त्यांनी आधी तसं स्पष्ट सांगावं, न सांगता गायब राहू नये. त्याचा भार कुणावर तरी पडतो.

मी वर्गणी भरली आहे. सोबत बाईंना तीन गोष्टी लेखी दिल्या: पाळीचा तक्ता तिमाहीचा एकदम लावा, सहलीच्या पैशांचा हिशेब पंधरा दिवसांत द्या, आणि दोरीची ओळ बदला. पहिल्या दोन समितीपुढे ठेवणार आहेत. तिसरीसाठी त्यांनी नवा फॉर्मच माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “तुम्हीच लिहा.” मी लिहिलं: दोरी, सुती, तीन मीटर, करंगळीएवढी जाड. नायलॉन नको.